आजीचं माहेर कुठल्या वहीत आहे?

१ मे २०२४ किंवा त्यानंतर महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलाचं नाव सरकारी कागदांवर वेगळ्या क्रमाने लिहायचं ठरलं: आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. निर्णय जाहीर झाला तेव्हा पुण्याच्या माझ्या मामेभावाने मोठ्या कौतुकाने फोन केला. मी त्याला विचारलं, "तुझ्या आईच्या आईचं माहेरचं आडनाव काय रे?" तो म्हणाला, "थांब, आईला विचारतो." थोड्या वेळाने मामीचा आवाज आला, "थांब हं, आठवून सांगते." अजून आठवतेच आहे.

इथे गोव्यातल्या फोंड्यात मी हाच प्रश्न जरा फिरवून पाहिला. वडिलांकडचे पाच-सहा पुरुष घडाघडा म्हणणारी माणसं आजीच्या आईपाशी अडखळतात. "तिला सगळे बायो म्हणायचे," एवढ्यावर गाडी थांबते. खरं तर बायोचं नाव लिहिलेला कागद त्यांच्यातल्या कित्येकांच्या कपाटात असतो. मुक्तीपूर्वी, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ च्या आधी, गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तिथलं नागरिकत्व घेता येत आलं आहे. त्यासाठी लोक तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे रांगा लावून आजोबांची जुनी नोंद काढतात, वडिलांच्या नावावर बोट ठेवून स्पेलिंग जुळतं का बघतात आणि फाईल बंद करतात. खालच्या चार ओळी कोणी वाचत नाही. हा लेख त्या चार ओळींबद्दल आहे.

आईकडची बाजू वेगळी, आईची रेषा वेगळी

"आईकडचे" म्हटलं की आपल्याला आजोळ आठवतं. पण आजोळ म्हणजे आज्याचं घर, आईच्या वडिलांचं. म्हणजे आईकडे वळलो म्हणेपर्यंत एका पावलात आपण पुन्हा पुरुषाच्याच आडनावावर येतो. त्या आडनावाचा माग घेतला तर हाती येते मामाच्या घराण्याची वंशावळ. तीही हवीच, पण ती आईची रेषा नव्हे.

आईची रेषा, म्हणजे मातृरेषा, अशी: आई, आईची आई, तिची आई, तिचीही आई. मध्ये एकही पुरुष नाही. कागदावरच्या हिशेबाने दहा पिढ्या मागे गेलात तर त्या पायरीवर तुमचे १०२४ पूर्वज उभे असतात. (नात्यात लग्नं झालेली असतात, त्यामुळे प्रत्यक्षात माणसं कमी भरतात.) त्यात मातृरेषेवरची बाई एकच. बाकीचे १०२३ परके नव्हेत, पण आज शोध त्या एकीचा.

गंमत म्हणजे या वाटेवरच्या पहिल्या घराला मराठीत शब्द आहे: पणजोळ. आईचं आजोळ, म्हणजेच आजीचं माहेर. शब्दकोशात तो सुखरूप आहे. बोलण्यात मी तो शेवटचा कधी ऐकला, आठवत नाही.

शटल आणि बदलत्या बशी

वडिलांची बाजू म्हणजे पणजी-मडगाव शटल. एकदा तिकीट काढलं की थेट. आडनाव तेच, कुलदैवत तेच, बहुतेकदा गावही तेच. आईची रेषा म्हणजे कदंबाने, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसने, पेडण्याहून काणकोणला जाणं. म्हापशाला उतरा, पणजीला उतरा, मडगावला उतरा. दर वेळी नवी बस, नवी पाटी. प्रत्येक पिढीत आडनाव बदललेलं. गोत्राचा आधार घ्यावा तर लग्नानंतर बाई नवऱ्याच्या गोत्राची.

त्यात आपल्याकडे लग्नात पहिलं नावही बदलायची रीत. ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं की माहेरची शेवंती सासरी सुलोचना होते. समजा, तुम्ही सुलोचनाबाईंची जन्मनोंद शोधत आहात. सापडणार नाही, कारण सुलोचना नावाची मुलगी जन्मलीच नव्हती. जन्मली शेवंती. शोध सुरू करण्याआधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला एवढंच विचारा: आजीला माहेरी काय म्हणत? हे एक उत्तर नसेल तर रजिस्ट्रारकडे घातलेला अख्खा दिवस फुकट जातो. माझे दोन गेले.

एका पानावर तीन पिढ्या

१९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं. नव्या सरकारने जन्म, लग्न आणि मृत्यूची नोंद चर्चच्या हातून काढून सरकारी कचेरीकडे दिली, आणि त्याच दशकात ही व्यवस्था गोव्यात आली. धर्म कोणताही असो, वही एकच. ख्रिस्ती बाळाला चर्चची वही आधीपासून होती; हिंदू बाळाला जन्माची सरकारी वही मिळाली ती अशी.

या वहीतली नोंद रकान्यांत नसते, परिच्छेदासारखी असते. अमुक दिवशी, अमुक वाड्यावर, अमुक वाजता मुलगी झाली. बाप अमुक, आई अमुक. बापाचे आईवडील अमुक, आणि आईचे आईवडील अमुक. शेवटची ओळ आपल्या कामाची. आजच्या जन्मदाखल्यावर आजी-आजोबा नसतात. त्या नोंदीत ते दोन्ही बाजूंचे असतात.

आता हिशेब करू. समजा तुमच्या आईचा जन्म १९४५ चा. तिच्या नोंदीत ती स्वतः, तिची आई आणि तिच्या आईची आई, अशा तीन बायका एका पानावर मिळतात. त्या नोंदीवरून आजीच्या माहेरचा माग काढून आजीची, समजा १९२२ ची, नोंद मिळवली तर आणखी एक पायरी: आजीच्या आईची आई. ती साधारण १८७०-८० च्या सुमाराची बाई असणार. दोन कागदांत तुम्ही जवळजवळ दीडशे वर्षं मागे पोचलात, तेही फक्त बायकांच्या वाटेने.

मात्र कागद मागताना नीट मागा. संगणकातून छापून येतो तो साधा दाखला. त्यात नाव, तारीख, आईबाप, संपलं. तुम्हाला हवा तो तेओर, म्हणजे मूळ नोंदीची शब्दन् शब्द नक्कल. काउंटरवर "बर्थ सर्टिफिकेट" म्हणालात तर पहिला हातात पडेल. "तेओर" म्हणा. फार जुन्या वह्या तालुक्यातून पणजीच्या पुराभिलेखागारात गेलेल्या असू शकतात, तेव्हा तालुक्यात "ना" ऐकलं म्हणजे नोंद नाहीच असं समजू नका.

"पण पोर्तुगीज कोणाला येतं?"

यायची गरज नाही. या नोंदी म्हणजे सत्यनारायणाची पोथी: मजकूर ठरलेला, यजमानाचं नाव तेवढं बदलतं. चार-पाच शब्द ओळखता आले की झालं. 'फिल्य' म्हणजे मुलगी. 'नातुराल द' म्हणजे कुठची, आणि त्यापुढे गाव. 'व्हियुव्हा' म्हणजे विधवा. आणि सगळ्यांत मोलाचे दोन शब्द, 'आव्हॉश मातेर्नुश', म्हणजे आईकडचे आजी-आजोबा. डोळे थेट तिथे न्या.

खरा घोळ स्पेलिंगचा. कारकून ऐकलेलं नाव पोर्तुगीज कानाने लिहायचा. 'श' साठी एक्स, म्हणून शांता, शेवंती, शेणवी सगळ्या सूचीत एक्सखाली असू शकतात. केशव, केणी अशा नावांतला 'के' क्यू-यू-ई असा. प्रभूचा पोरोब, कामतींचा कामोतीं. एकाच घरातल्या तीन भावंडांची तीन स्पेलिंगं पाहून घाबरू नका. भावंडं तीच असतात, कारकून वेगळे. बायकांची नावं तर नुसती पहिलीच असतात, आडनावाविना. तेव्हा आईच्या नावापुढे आडनाव नाही म्हणून निराश न होता तिच्या वडिलांचं नाव वाचा. आडनाव तिथे लपलेलं असतं.

तारखेवरही फार विसंबू नका. उशिरा झालेल्या नोंदी होत्या, अंदाजे दिवस होते. आजीने सांगितलेला जन्म "मोठ्या पुराच्या वर्षी" असेल तर दोन वर्षं अलीकडची आणि दोन पलीकडची सूची चाळा.

पहिलं बाळंतपण माहेरी

समजा, आजीचं माहेरचं गावच माहीत नाही. मग वही कुठल्या तालुक्याची मागायची? इथे आपली एक जुनी रीत कामाला येते. नोंद व्हायची ती जिथे जन्म झाला तिथे, आणि पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे तुमच्या आईची नोंद सासरच्या तालुक्यात सापडली, पण तिच्या सगळ्यांत थोरल्या भावाची किंवा बहिणीची तिथे नसेल, तर तो हरवलेला कागद नसून बाण आहे. थोरला मामा जिथे जन्मला तिथे आजीचं माहेर. त्याचा शाळा सोडल्याचा दाखला, जुना पासपोर्ट, कशावरही जन्मगाव लिहिलेलं असतं. धाकट्या भावंडांच्या नोंदींनी हे कधी कळलं नसतं.

मी हे शिकलो माझ्या धाकट्या मावशीमुळे. तिला विचारलं, "आजीचं माहेर कुठलं?" तर "पलीकडचं" एवढंच. पलीकडचं म्हणजे कशाच्या, हे तिलाही ठाऊक नव्हतं. शेवटी प्रश्न बदलला: आजीच्या लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माहेरच्या फराळाचं ओझं कुठून आलं होतं, कधी बोलली का? मावशी हसली. "होडीतून आलं होतं. करंज्या भिजल्या म्हणून तिची सासू जन्मभर टोमणे मारायची." होडीतून, म्हणजे पलीकडचं ते नदीच्या. थोरल्या मामाच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव दिवाडी होतं. मांडवीतलं बेट, तालुका तिसवाडी. आम्ही सगळे डिचोलीच्या वह्या उलटत बसलो होतो.

म्हणून म्हाताऱ्या माणसांना "मूळ गाव कुठलं" असं विचारू नका. त्या प्रश्नाला सगळे सासरचं उत्तर देतात. ओझं कुठून आलं, आजी ओटी कुठल्या देवीची भरायची, कुठल्या जत्रेला न चुकता जायची, तिच्याकडे काकणं घेऊन कोण यायचं, हे विचारा. जत्रेच्या उत्तराला मात्र एक गाठ आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देवळं पाडायला घेतल्यावर मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून आजच्या फोंडा तालुक्यात आली. आजी म्हाळसेच्या, म्हणजे आता म्हार्दोळच्या, जत्रेला जायची म्हणून तिचं माहेर म्हार्दोळचं ठरत नाही. देव हलले, भक्त जिथे होते तिथेच राहिले, किंवा तिसरीकडेच गेले.

बाप गेल्यावर उघडणारी यादी

जन्मनोंद नाहीच मिळाली तर आजीला लेक म्हणून शोधा. पोर्तुगालचा १८६७ चा नागरी कायदा १ जुलै १८७० पासून गोव्यात लागू झाला. त्यात मुलीला मुलाइतकाच वारसा. तो खरोखर तिच्या हातात पडला का, हा वेगळा आणि दुखरा विषय. "भावाला दिलं" म्हणून सह्या करणाऱ्या बहिणी आपल्या सगळ्यांच्या घरात आहेत. पण सही करायला का होईना, कागदावर तिचं नाव यावं लागायचं.

माणूस मेल्यावर मालमत्तेची वाटणी कोर्टामार्फत होते, तिला गोव्यात इन्व्हेंटरी म्हणतात. आज हे काम २०१२ च्या गोवा वारसा कायद्याखाली चालतं, पण रीत जुनीच. घरातला एकजण शपथेवर सांगतो: मृताची मुलं एवढी, मुली एवढ्या, कोणती कुणाला दिली, राहते कुठे. म्हणजे आजीचं माहेरचं नाव, तिचा नवरा आणि दोन्ही घरं एका वाक्यात. लग्नाची नोंद सोडली तर शेवंतीपासून सुलोचनेपर्यंत पूल बांधणारा दुसरा कागद क्वचितच मिळतो. जमिनीची विक्रीखतंही पाहा. नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक मानली जात असल्याने गोव्यात जमीन विकताना बायकोची सही लागते, आणि बहिणींचा हक्क असेल तर बहिणींची आणि मेव्हण्यांचीही.

या कागदाची एक मर्यादा उघड आहे. ज्यांच्याकडे भाट, म्हणजे स्वतःची बागायत, नव्हतं, घर दुसऱ्याच्या जमिनीत मुंडकार म्हणून होतं, त्यांच्या घरी वाटायला काही नव्हतं म्हणून यादीही झाली नाही.

"गावकारीच्या वहीत मिळेल की"

नाही मिळणार. गावकारी, म्हणजे पोर्तुगिजांनी कोमुनिदाद म्हटलेली गावाची सामाईक जमीनव्यवस्था, पोर्तुगिजांच्याही आधीची. १५२६ च्या फोरालात, म्हणजे पोर्तुगीज सनदेत, तिचे रिवाज लिहिलेले आहेत. वह्या सुंदर, जुन्या, आणि पुरुषांच्या. गावकारपण बापाकडून मुलाकडे जातं. देवस्थानांतल्या महाजनांच्या याद्यांचंही तेच. आजीच्या भावांची नावं तिथे असतील, आजी नाही. आडनाव आणि वांगड, म्हणजे गावकारीतला कुळांचा गट, कळल्यावर मामाचं घराणं भरून काढायला जा; सुरुवात तिथून करू नका.

तर्पणाची नावंही तपासून पाहिली. त्यात आईकडचे येतात हे बरोबर: आईचा बाप, त्याचा बाप, त्याचा आजा, आणि त्यांच्या बायका. म्हणजे आईची आई येते, पण आईच्या बापाची बायको म्हणून. तिची स्वतःची आई त्या यादीत नाही. मंत्र म्हणणाऱ्याला याबद्दल विचारलं तर तो घड्याळाकडे बघतो.

"१९१० च्या आधी काय?"

ख्रिस्ती घरांसाठी वाट बरी आहे. १५६३ मध्ये संपलेल्या ट्रेंटच्या धर्मसभेने बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या ठेवणं पाद्रींना बंधनकारक केलं. तिसवाडी, बार्देस, सासष्टीतल्या चर्चच्या जुन्या वह्यांतला मोठा भाग आता पुराभिलेखागारात आहे. नात्यात लग्न करायचं तर चर्चची परवानगी लागायची, आणि रक्ताचं नातं आईकडूनही मोजायचं असल्याने त्या अर्जांत बायकांच्या बाजूची वंशावळ सांगावी लागे.

हिंदू घरांसाठी जन्माची वहीच नाही, तेव्हा तुकडे जोडायचे: नोटरीकडचे दस्त, दानाच्या नोंदी, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या. त्यातही यात्रेला आलेला पुरुष आणि "सौ. अमुक" एवढंच बरेचदा. जुने कागद मोडीत, काही गोयकानडी लिपीत. पणजीच्या दप्तरखान्याची सुरुवात १५९५ ची, पहिला रखवालदार दियोगु दु कौतु, आणि तरी तुमच्या पणजीच्या पणजीचं नाव तिथे नसण्याचीच शक्यता जास्त. हे आधीच सांगितलेलं बरं.

"मग डीएनए चाचणीच करू"

करा, पण ती काय सांगते ते समजून. आपल्या पेशींत मुख्य डीएनएखेरीज एक छोटी चिठ्ठी असते, मायटोकॉन्ड्रियातली: १६,५६९ अक्षरं, ३७ जनुकं. ती आईकडून मुलग्याला आणि मुलीला, दोघांनाही मिळते, पण पुढे देते फक्त मुलगी. म्हणजे ही तंतोतंत आपली मातृरेषा, आडनावाच्या बदलांनी न पुसलेली.

अडचण अशी की विरजण घरोघरी गेलं तरी ते पहिलं कोणाच्या घरचं, हे दह्याकडे बघून कळत नाही. ही चिठ्ठी इतकी सावकाश बदलते की दोघींची चिठ्ठी सारखी निघाली तरी त्यांची सामाईक आई पाच पिढ्यांमागची असेल किंवा काही हजार वर्षांमागची. अहवालात "एम" गट असा शेरा आला तर तो भारतात सगळ्यांत जास्त आढळणारा गट आहे. त्यातून दिवाडी की डिचोली हे निघत नाही. जात तर मुळीच निघत नाही, कोणी काहीही विकत असलं तरी. दोन कुटुंबांना आपली पणजी एकच असल्याची शंका असेल तर मात्र चाचणी उपयोगी: चिठ्ठ्या ठळकपणे वेगळ्या निघाल्या तर मातृरेषेने तरी ती शंका मिटते.

"नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ…"

…शोधू नये, हे मला प्रत्येक घरात ऐकवलं गेलं. त्यामागची भीती खोटी नाही. एखाद्या नोंदीत बापाच्या जागी 'इंकॉग्नितु', म्हणजे अज्ञात, असं लिहिलेलं असतं. ते वाचून तेओर घडी करून परत पाकिटात घालणारा माणूस मी पाहिला आहे.

पण त्या शब्दाने कोणाचं काय गेलं? आई-बापाचं लग्न नोंदलेलं नव्हतं, एवढंच तो सांगतो. देवळाच्या सेवेत असलेल्या कलावंत आणि भाविणींच्या घरांत मुलं आईच्या नावाने ओळखली जात, आणि म्हणूनच मातृरेषा शोधायला तीच घरं सगळ्यांत सोपी: आई, आजी, पणजी एका घरात, एका गावात. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर ही नावं बघा. केरी आणि कुर्डी ही गावं, नवऱ्याची घराणी नव्हेत. कुर्डी साळावली धरणात बुडालं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाव वर येतं आणि तिथले लोक आपल्या देवाला भेटायला जातात.

माझ्या आजीचा तेओर अखेर मिळाला. मामाच्या दाखल्यावरच्या गावाने, एक्सच्या सूचीत. खालच्या ओळीत तिच्या आईची आई आहे: नुसतं पहिलं नाव, पुढे 'व्हियुव्हा', आणि दिवाडीच्याही पलीकडचं एक गाव. म्हणजे पुन्हा होडी. मावशीला वाचून दाखवलं तर तिने चष्मा मागितला, नावावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे तर माझ्या आईचं माहेरचं नाव. तिला आजीचं ठेवलं होतं होय!"